वेळ थोडा आहे, असं मी सांगत होतो

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली रीत आहे. माणूस उभा राहतो, काय दुखत होतं ते सांगतो, प्रार्थना कशी ऐकली गेली ते सांगतो, लोक हालेलूया म्हणतात आणि तो खाली बसतो. अशा शेकडो साक्षी मी पुढच्या खुर्चीवर बसून ऐकल्या आहेत. कुणी फारच लांबण लावली तर घड्याळाकडे बोट दाखवून आवरतं घ्यायलाही लावलं आहे. माझी साक्ष त्या रीतीत बसत नाही. उभा राहून बोलायला लागलो तर मधेच रडू येईल आणि लोक त्याला आनंदाश्रू समजतील, म्हणून लिहून काढतो आहे.

मी हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर आहे. वय पंचावन्न. घरी बायको सुनंदा आणि एकुलती एक मुलगी एस्तेर, आमची एस्तू. आठवड्याचे सहा दिवस हात ग्रीसमध्ये आणि रविवारी हातात पवित्र शास्त्र, असं माझं वीस वर्षं चाललं. आमची मंडळी चाळीस-पन्नास माणसांची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा वर्ध्याहून येतात, बाकीचे रविवार मी सांभाळत होतो. माझा विषय एकच, शेवटचा काळ, म्हणजे प्रभू येशू परत येईल आणि हे जग संपेल तो. त्यासाठी मी स्वतः कापडावर एक मोठा तक्ता रंगवला होता. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातल्या संकटांचे शिक्के, कर्णे, वाट्या, सगळं क्रमानं. हातात छडी घेऊन मी तो समजावून सांगायचो. कुठं युद्ध झालं, भूकंप झाला, साथ आली, की त्या रविवारी माझ्या अंगात जास्तच जोर यायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण वाईट बातमीनं मला बरं वाटायचं.

हे दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितो आहे. ज्यांच्या पोटात माझ्यासारखी गाठ निघाली आहे त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे प्रभूची वाट पाहतात त्यांच्यासाठी.

रक्त

सकाळी संडासात रक्त दिसलं तेव्हा मूळव्याध असेल असं मी ठरवून टाकलं. फॅक्टरीत अर्ध्या लोकांना ती आहे. नंतर दम लागायला लागला. जिना चढताना मधे थांबावं लागायचं. आमच्याकडे शुक्रवारी उपास-प्रार्थना असते, त्या अशक्तपणाचं खापर मी उपासावर फोडलं. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला, तर लोक म्हणाले, भाऊ प्रार्थनेत फार वेळ घालवतात. मी नाही म्हटलं नाही.

सुनंदाला संशय आला होता. एकदा माझी चड्डी धुताना तिनं डाग पाहिला.

"अवो, हे काय होय?"

"काई नाई. उष्णता झाली."

"डॉक्टरले दाखवा ना एकदा."

"दाखवू. घाई काय आहे?"

ज्या माणसानं वीस वर्षं लोकांना घाई आहे, घाई आहे म्हणून सांगितलं, तो बायकोला म्हणाला, घाई काय आहे. आठ महिने मी हे असंच ढकललं. देवावर भरवसा होता म्हणून नव्हे, भीती वाटत होती म्हणून. सभेत मात्र ही भीती मी विश्वासाच्या कपड्यांत फिरवली. जो आज-उद्या येणार आहे त्याची वाट पाहणाऱ्यानं या मातीच्या देहाचे चोचले किती पुरवायचे, असं एका रविवारी मी सगळ्यांसमोर बोललो. समोर शुगरची, बीपीची माणसं बसली होती. त्यातल्या कुणी गोळ्या सोडल्या असतील तर देवच जाणे. मी आजवर विचारायची हिंमत केली नाही.

निदानाचा दिवस

शेवटी फॅक्टरीतच चक्कर येऊन पडलो. रक्त तपासलं तर अंगात रक्तच राहिलं नव्हतं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, दोन बाटल्या रक्त चढवलं, मग दुर्बीण टाकून तपासलं, तुकडा काढून पाठवला. रिपोर्टच्या दिवशी एस्तू माझ्यासोबत होती. सुनंदा बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिला आत यायचं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, एका जागी गोल केला आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे असं साध्या शब्दांत सांगितलं. मग विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"दीडेक महिना," मी म्हणालो.

"आठ महिने," एस्तू म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले आणि लिहून घेतलं. त्या "हं"चा मला अजून त्रास होतो.

मी बाहेर आलो. मला वाटलं होतं, अशी बातमी आली तर मी मान वर करून म्हणेन, प्रभू, मी तयार आहे. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला मी किती वेळा सांगितला असेल! दिवा पेटता ठेवा, कुपीत तेल ठेवा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी दवाखान्याच्या पाण्याची टाकी धरून उभा होतो. डोक्यात एकच गोष्ट होती, मला मरायचं नाही. मला राग आला, रडू आलं, समोरून जाणाऱ्या धडधाकट माणसाचा हेवा वाटला. सुनंदानं चेहऱ्यावरूनच ओळखलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात.

तुम्हाला हे सांगतो आहे कारण तुम्हीही घाबराल. घाबरलात म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. पण आधी मोठेपणा मिरवला असेल तर ती भीती दुपटीनं लागते.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. गाठ काढली, आणि आतडं भरून येईपर्यंत पोटावर एक छेद ठेवून तिथं पिशवी लावली. शी त्या पिशवीत येते. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं परत आत घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ज्यांना हे पुढं करायचं आहे त्यांना सांगतो, चौथ्या-पाचव्या दिवशी सवय होते. वास येतो, पण आपल्याला वाटतो तेवढा दुसऱ्याला येत नाही. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करा. एवढंच शास्त्र आहे.

वॉर्डात दिवस लवकर उगवतो. पाचला झाडू, सहाला थर्मामीटर, आठला चादरी, मग डॉक्टरांचा घोळका. त्यांनी चांगलं म्हटलं की दिवस चांगला जातो, गप्प राहिले की आपण दिवसभर त्यांचा चेहरा आठवत बसतो. शेजारच्या खाटेवर आष्टीचे वानखेडे गुरुजी होते, रिटायर्ड शिक्षक, बौद्ध. त्यांचंही पोटाचंच, पण वेगळं ऑपरेशन झालं होतं. माझ्या उशाशी शास्त्र पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"म्हणजे तुमचा प्रभू कवा येईन ते माहीत नाई, पण येईन हे पक्कं. बराबर?"

"बराबर."

"मंग हे तं एसटीसारखं झालं. पण भाऊ, एसटीची वाट पाहून राह्यला माणूस चहा पेते का नाई? भाजीपाला घेते का नाई?"

मी हसलो. टाके दुखले म्हणून हसणं आवरलं.

पिशवी बदलायचं घरच्या माणसानं शिकून घ्यावं लागतं. सुनंदानं दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा तिला मळमळलं. मग एस्तू पुढं झाली. कातडी कोमट पाण्यानं पुसायची, कोरडी करायची, पिशवी चिकटवायच्या चकतीला मापाचं गोल भोक कापायचं, कडा बोटानं दाबायच्या. तिसऱ्या दिवशी ती एकटी करायला लागली. हात हलका, चेहरा शांत. मी लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि ती मला आमच्या गावच्या भाजीबाजारातल्या गोष्टी सांगायची.

एकदा चंद्रपूरकडच्या एक सिस्टर तिचं काम बघत उभ्या राहिल्या. चांगला अनुभव दिसत होता त्यांचा. त्या म्हणाल्या, "छान करतेस गं. कोणत्या वर्षाले आहेस? कॉलेज कोणतं?"

"मी नर्सिंगले नाई, सिस्टर," एस्तू म्हणाली.

"मंग काय शिकतेस?"

"काई नाई. घरीच असतो. शिवणकाम करतो."

सिस्टरना आश्चर्य वाटलं. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काका, हिले घरी काऊन ठेवलं? हिचा हात पाह्यला का?"

मी भिंतीकडे पाहत राहिलो. गुरुजींनी पेपर खाली केला होता, हे मला न वळताही कळलं.

चिठ्ठी

आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या हॉलच्या दारात प्रार्थना-विनंतीची एक लाकडी पेटी असते. कुणाला काही अडचण असेल, प्रभूची इच्छा जाणून घ्यायची असेल, तर तो चिठ्ठी लिहून टाकतो. नाव लिहायची सक्ती नाही. आठवडाभर मी त्या चिठ्ठ्या घेऊन प्रार्थना करायचो आणि रविवारी उपदेशानंतर एकेक वाचून वचनातून उत्तर द्यायचो. लोक आमेन म्हणायचे. एकदा सगळ्यांनी आमेन म्हटलं की ते उत्तर माझं राहत नसे, प्रभूचं होत असे. मग त्यावर घरी कुणी वाद घालत नसे. ही आमची पद्धत होती आणि मला ती फार आवडायची.

पाच वर्षांपूर्वी पेटीत एक चिठ्ठी आली. वहीच्या पानावर, निळ्या शाईत. बारावी झाली आहे, नर्सिंगला नंबर लागला आहे, तीन वर्षं होस्टेलवर राहावं लागेल, घरी विचारायची हिंमत होत नाही, प्रभूची इच्छा काय आहे ते कृपया सांगावं. नाव नव्हतं.

नावाची गरजही नव्हती. त्या अक्षरातला ख खालून उघडा होता. लहानपणी पाटीवर तिचा हात धरून मीच तो गिरवून घेतला होता, आणि शंभरदा सांगूनही तो तसाच उघडा राहिला होता.

चिठ्ठी शुक्रवारी हातात आली. शुक्रवार, शनिवार ती माझ्या शास्त्रात होती आणि एस्तू माझ्या ताटात भाकरी वाढत होती. मी एका शब्दानं विचारलं नाही. घरी विचारलं असतं तर ती बोलली असती, सुनंदा बोलली असती, मला कारण द्यावं लागलं असतं. खरं कारण हे होतं की एकुलती पोर नजरेआड गेलेली मला नको होती, आणि दुसरं, मंडळीत लोक म्हणाले असते, शेवटचा काळ आला म्हणणारा स्वतःच्या पोरीला तीन वर्षांच्या कोर्सला पाठवतो. माझ्या तक्त्यावर तीन वर्षं कुठं शिल्लकच नव्हती.

रविवारी मी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली, परक्याची असल्यासारखी. मग प्रभूनं शेवटच्या दिवसांबद्दल जे सांगितलं आहे ते काढलं, की शेतात असलेल्यानं अंगरखा घ्यायला माघारी वळू नये. म्हटलं, ज्या बहिणीनं किंवा भावानं हे विचारलं आहे त्यानं समजून घ्यावं, वेळ थोडा आहे. हे जगातलं शिक्षण म्हणजे तो अंगरखा. आमेन?

सगळे आमेन म्हणाले. तिसऱ्या रांगेत एस्तू बसली होती. तीही आमेन म्हणाली. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. शिवणयंत्र मागितलं, मी घेऊन दिलं. संडेस्कूलची पोरं शिकवायला लागली. मी लोकांना सांगायचो, माझ्या पोरीला जगाची हाव नाही.

एक पान पुढे

सिस्टरच्या त्या प्रश्नानंतर दोन दिवस मी भिंतीकडेच तोंड करून पडलो. गुरुजींनीच तोंड उघडलं.

"भाऊ, माह्या दोन पोरी आहे. धाकटीची परीक्षा होती तवाच तिची माय गेली. लोक म्हणे, राहू द्या हे साल. मी म्हटलं, परीक्षेले जाय. तिनं रडत रडत पेपर देल्ला. आज ती नोकरीवर आहे, माहंच बिल पाहून राह्यली. तुमाले वाईट वाटावं म्हणून नाई सांगत." आणि पेपर परत तोंडापुढे धरून म्हणाले, "वाटलं तं वाटू द्या थोडं."

त्या दुपारी मी शास्त्र उघडलं. ज्या अध्यायातून मी अंगरखा काढला होता तोच अध्याय. पुढं वाचत गेलो. तिथंच शेवटी, एका पानाच्या आत, प्रभू विचारतो की विश्वासू चाकर कोणता. ज्याला धन्यानं घरच्यांना वेळच्या वेळी खाऊ घालायला नेमलं आहे आणि धनी येईल तेव्हा जो तेच करताना सापडेल, तो. मी हे वाचलं नव्हतं असं नाही. तोंडपाठ होतं. पण उपदेशात मी नेहमी प्रभू येताना वाजणाऱ्या कर्ण्यापाशी थांबायचो, स्वयंपाकघरापर्यंत कधी गेलोच नाही. प्रेषितानंही एका मंडळीला झापलं होतं, प्रभू येणार म्हणून कामधंदा सोडून बसू नका. ते पत्र तर मी सभेत कधी काढलंच नाही.

माझ्या घरात जे एक माणूस माझ्या हवाली केलं होतं, त्याची जी वेळ होती, त्या वेळी मी त्याला उपाशी ठेवलं. प्रभू त्या रविवारी आला असता तर मी काय करताना सापडलो असतो? स्वतःच्या लेकीची चिठ्ठी परक्याची म्हणून वाचताना.

त्या संध्याकाळी एस्तू पिशवी बदलायला आली. पडदा ओढला. मी म्हणालो, "एस्तू, पाच वर्साआधी पेटीत एक चिठ्ठी आलती."

ती चकतीवर पेनानं गोल काढत होती.

"मले माहीत होतं, ते तुही होती," मी म्हणालो. "वाचाच्या आधीच माहीत होतं."

तिनं कात्री हातात घेतली. गोल नीट कापला. मग म्हणाली, "मले बी माहीत होतं का तुमाले माहीत आहे."

"कसं?"

"माही मैत्रीण म्हणे, मी लिहून देतो, ओळखू नाई येणार. मीच नाई म्हटलं. मुद्दाम माह्या अक्षरात लिहिलं. मले वाटलं, अक्षर पाह्यलं का तुमी सभेत नाई वाचणार. घरी येसान अन् माह्यासोबत बोलसान."

मला वाटलं टाके उसवले. मी लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागलो.

"बाबा, हलू नका," ती म्हणाली. "चकती वाकडी लागते."

"मले माफ कर, बेटा."

ती कडा दाबत राहिली. एक, दोन, सगळ्या बाजूंनी. "करीन," ती म्हणाली. "पण आज नाई होत. खोटं कायले सांगू?"

आमच्या मंडळीत क्षमा ताबडतोब द्यायची पद्धत आहे. मिठी मारायची, स्तुती करायची, संपलं. माझ्या लेकीनं मला खरं उत्तर दिलं. त्याचं दुःख मला झालं आणि त्याबद्दल तिचा आदरही वाटला.

घरी

घरी आल्यावर केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी वर्ध्याला जायचं, दिवसभर सलाईन, मग चार-पाच दिवस तोंडाला चव नाही, थंड पाण्याला हात लावला की बोटांना मुंग्या. या दिवसांत ज्या छोट्या गोष्टींनी तारलं त्या सांगतो. मंडळीतल्या तुळसाबाई रोज ज्वारीची आंबील आणून द्यायच्या, मीठ बेताचं, लसूण नाही. फॅक्टरीतले दोघं आळीपाळीनं मला गाडीत घालून न्यायचे. सुनंदानं सगळ्या चादरी गडद रंगाच्या घेतल्या आणि का ते बोलली नाही.

सुनंदाशी मात्र एकदा कडाक्याचं भांडण झालं. मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. चिठ्ठी एस्तूची होती हे तिला माहीत होतं, मी अक्षर ओळखलं होतं हे माहीत नव्हतं.

"म्हणजे तुमी जाणूनबुजून केलं?"

"हो."

"अन् मी मायबाई पाच वर्सं तिलेच समजावत राह्यली, का बापाच्या तोंडून देव बोलला म्हणून!" तिनं हातातली पळी जमिनीवर आपटली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर देत होती, पण ताट ठेवून निघून जायची. ते तीन दिवस केमोपेक्षा जड गेले आणि मला तेच मिळायला हवं होतं.

मग मी प्रायश्चित्ताच्या मागे लागलो. नर्सिंगच्या कॉलेजांची माहिती काढली, फॉर्म मागवला, एका ओळखीच्या माणसाशी बोलून ठेवलं, आणि एके सकाळी सगळे कागद एस्तूपुढे ठेवून म्हणालो, "तू आता नर्सिंगले जाचं. मी सगळं ठरवलं."

तिनं कागद पाहिले आणि घडी घालून मला परत दिले. "बाबा, हे बी तुमीच ठरवून राह्यले. तवा नाई जाचं हे तुमी ठरवलं, आता जाचं हे बी तुमीच."

पापाची जाणीव झाली तरी माणसाची सवय जात नाही. कागद मी कपाटात ठेवून दिले आणि तो विषय बंद केला.

दरम्यान एका रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि चिठ्ठीची गोष्ट सांगितली. तक्ता गुंडाळून आणला होता, तो उघडला नाही. प्रभू येणार यावर माझा विश्वास आहे, तो कधी हे माझ्या छडीला माहीत नाही, असं म्हणालो. यापुढे चिठ्ठीचं उत्तर मी सभेतून देणार नाही, ज्याची असेल त्याच्या घरी जाऊन बसेन, असंही सांगितलं. कुणी आमेन म्हटलं नाही. सभा संपल्यावर तुळसाबाई काठी टेकत जवळ आल्या आणि हसून म्हणाल्या, "भाऊ, म्या बी तुमाले इचारलं होतं, छपराची टिनं बदलू का म्हणून. तुमी म्हणे, कायले, आता स्वर्गातच घर. तवापासून बादली ठेवतो बाप्पा कोपऱ्यात."

त्या हसत होत्या. सहा पावसाळे त्या बादली ठेवत होत्या आणि मला आंबील आणून देत होत्या. दुसऱ्या आठवड्यात फॅक्टरीतल्या पोरांना घेऊन मी त्यांचं छप्पर नीट करून दिलं, म्हणजे मी खाली खुर्चीत बसलो होतो आणि ते वर चढले होते. पण अशी किती छपरं असतील?

पुन्हा तीच वेळ

केमो संपली. रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्या ऑपरेशनची वेळ ठरली, पिशवी निघणार होती. त्याच आठवड्यात एस्तू मी जेवत असताना समोर येऊन बसली.

"बाबा, मी फॉर्म भरला होता. नागपुरात नंबर लागला. तीन वर्सं. पुढच्या सोमवारी होस्टेलवर जाचं आहे."

कोणत्या कॉलेजला, कधी भरला, कुणाला विचारून, मी काही विचारलं नाही. डोक्यात आधी एकच हिशेब झाला. सोमवारी ती जाणार आणि माझं ऑपरेशन त्यानंतर पंधरा दिवसांनी. तोवर पिशवी कोण बदलणार? ऑपरेशननंतर जवळ कोण बसणार? सुनंदाला मळमळतं. आणि मला शास्त्रातलं एक वचन आठवलं, आपल्या घरच्यांची काळजी घेण्याबद्दलचं. वचनं मला नेहमीच वेळेवर आठवतात.

थोडं थांब, एवढंच म्हणायचं होतं. ऑपरेशन होऊ दे, पुढच्या साली जा. यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. आजारी बापासाठी पोरी थांबतातच. ती थांबली असती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्या रविवारी तिसऱ्या रांगेतून ती अशीच पाहत असणार. तेव्हा मी वर पाहिलं नव्हतं.

मी ताट बाजूला सारलं.

"पिशवी कशी बदलाची ते मले शिकवून दे," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. सामान घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आरसा समोर उभा करून तिनं मला शिकवलं. पहिल्यांदा मी भोक मोठं कापलं, दुसऱ्यांदा चकती वाकडी लागली. तिसऱ्यांदा जमलं. सुनंदा दारात उभी राहून पाहत होती, आणि या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

रविवार

जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. एस्तू सभेला आली. आमची सभा नेहमी एकाच प्रार्थनेनं संपते. सगळे उभे राहतात आणि मोठ्यानं म्हणतात, ये, प्रभू येशू, लवकर ये. ही प्रार्थना चालवायचं काम माझं. वीस वर्षं माझा आवाज त्यात सगळ्यांच्या वर असायचा.

त्या दिवशी मी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. लोकांनी थोडी वाट पाहिली, मग त्यांनीच सुरू केलं. मी डोळे उघडून पाहिलं. सगळ्यांचे हात वर होते. एस्तूचाही हात वर होता, आणि ती मनापासून म्हणत होती, लवकर ये.

मी मान खाली घातली आणि पुटपुटलो, प्रभू, तिचं ऐकू नको. तीन वर्षं थांब.